जिप्सी, वाडीची घाटी आणि सोसायटीचं पार्किंग: कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, मुलुंड

गाडी कशासाठी हवी ते आधी लिहून ठेवतोय. पुढे कुणाच्या गाडीचे फोटो बघून डोकं फिरलं तर हे पान उघडता येईल.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर डांबरी रस्त्याच्या खाली, वाडीत आहे. आधी जांभ्याची घाटी, तिच्या पायथ्याशी पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पलीकडे अंगण. पावसाळ्यात घाटीवर शेवाळ धरतं, वरून वाहून आलेल्या लाल मातीचा दगडावर लेप बसतो. आमची हॅचबॅक खाली जाते, पण वर येत नाही. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं तर पुढे, ती जागच्या जागी फिरत राहतात. मग गाडी वर रस्त्याकडेला लावायची आणि गॅस सिलिंडर, तांदळाचं पोतं, अण्णांची औषधं असं सगळं डोक्या-खांद्यावरून खाली न्यायचं. आईच्या गुडघ्यांना ती घाटी आता झेपत नाही.

म्हणजे गाडीने एवढंच करायचंय: शेवाळलेला चढ चढायचा, गुडघ्याच्या आतलं पाणी ओलांडायचं आणि बाकीचे महिने मुलुंडच्या सोसायटीत गुमान उभं राहायचं. एकूण पैसे साडेपाच लाख. त्यातला दीड लाख दुरुस्तीसाठी बाजूला, त्याला खरेदीच्या वेळी हात लावायचा नाही.

नवी जिम्नी २०२३ मध्ये आली तेव्हापासून मनात आहे. ती बारा लाखांच्या पुढेच सुरू होते, विषय मिटला. जुनी थार सीआरडीई म्हणजे अडीच लिटरचं डिझेल इंजिन, १०५ बीएचपी, ताकदीचा प्रश्नच नाही. पण चांगली थार चार लाखांत मिळत नाही आणि चार लाखांत मिळते ती बघवत नाही. उरली मारुतीची जिप्सी किंग. १२९८ सीसी पेट्रोल, ८० बीएचपी, वजन जेमतेम टनभर, पुढेमागे अखंड ॲक्सल आणि पाटे. पॉवर स्टिअरिंग नाही, कंपनीचा एसी नाही. बायकोने यादी ऐकून विचारलं, “मग आहे काय तिच्यात?” लो गिअर आहे, म्हटलं.

८ डिसेंबर

वसईत २००९ ची सॉफ्ट टॉप पाहिली. रंग ताजा, चकचकीत. खिशातलं चुंबक मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवलं तर दोन जागी धरेना, आत नुसती पुट्टी. मग खाली सतरंजी टाकून झोपलो. मागचा पाटा चेसिसला शॅकलने जिथे अडकतो तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. चांगला पत्रा खणखणतो, हा भद भद वाजला आणि पापुद्रे केसांत पडले. खाडीची हवा आणि गाडी उघड्यावर. जिप्सीचं इंजिन परत बांधता येतं, दरवाजे मिळतात, हूड नवं शिवून मिळतं. पण सडलेल्या चेसिसला ठिगळं लावून आईला त्या घाटीवर न्यायची माझी तयारी नाही. मालक भला माणूस, चहा पाजला. नको म्हणून आलो.

१५ डिसेंबर

चेंबूर. ही ‘तयार’ गाडी. चार इंच लिफ्ट (गाडी उंच करणारं किट), ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), छतावर दिव्यांची पट्टी. विकणारा प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी सांगत होता, जणू मी वस्तूच विकत घेणार होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक बेकायदा बदल मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही दाखवू शकतो. पुढच्या लोखंडी बंपरवर २०१७ च्या डिसेंबरपासूनच केंद्राचा आक्षेप आहे. रस्त्यावर अशा गाड्या रोज दिसतात हे खरं, पण अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो त्याच बंपरचा काढतो.

दुसरं कारण जास्त साधं. पार्किंग. आमच्या सोसायटीत दुमजली यांत्रिक पार्किंग आहे, पाळण्यावर उंचीची मर्यादा १.९५ मीटर लिहिलीय. मूळ जिप्सी त्यात थोडी जागा ठेवून बसते, ही बसणार नाही. लिफ्ट किटचा विषय माझ्यापुरता त्या पाटीने संपवला.

४ जानेवारी २०२५, दिंडोरी

नाशिकची हवा कोरडी, म्हणून तिकडे शोधायचं ठरवलं होतं. द्राक्षबागायतदाराची गाडी, मार्च २०१२, पांढरी हार्ड टॉप, पहिलाच मालक. आतून कळकट. सीटखाली काडी, माती, सुतळी, एक तुटकी छाटणी-कात्री. मला हे आवडलं. विकायला काढताना ज्याने गाडी धुतलीसुद्धा नाही, तो काही लपवत नसावा. चेसिस सगळीकडे खणखणीत. फक्त फ्लोअरचा डावा कोपरा आणि काचेच्या चौकटीचा खालचा कड गंजलेला.

थंड इंजिन सुरू केलं. निळा धूर नाही. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन घोडी लावली, चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ होता. कुणीतरी ब्रेक दाबून धरला तरी तेवढाच खेळ, म्हणजे व्हील बेअरिंगचा दोष नाही, किंगपिनचा, पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा. रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरतं, त्याचं मूळ तेच.

फोर-व्हील नांगरटीत नेऊन तपासलं. डांबरावर कधीच तपासू नये. डिफ्रन्शियल म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. जिप्सीत तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये आहे, दोन्ही शाफ्टच्या मध्ये तिसरा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ती तफावत माती सोडवते, डांबर सोडवत नाही, मग सगळा पीळ गिअरांवर येतो. ढेकळांत ४एच (चारही चाकांना ओढ, हाय गिअर) पडलं. थांबून, क्लच दाबून ४एल (तेच, पण लो गिअर) टाकताना थोडी कुरकुर झाली, पण पडलं. पहिल्यात, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी बांधावर चढली. मागे वळून पुढच्या चाकांच्या खुणा बघितल्या. दोन्ही बाजूंना माती उकरलेली होती.

शेवटी पाना मागितला आणि डिफ्रन्शियलचे लेव्हलचे बोल्ट उघडून बोट घातलं. मागचं ऑइल काळं, ठीक. पुढचं पांढुरकं, आत पाणी गेलेलं. मालकाने स्वतः वाकून बघितलं आणि म्हणाला, “नाला ओलांडतोच आम्ही, पाणी तर जाणारच.” सव्वाचार सांगत होता. किंगपिन, ऑइल आणि टायरांचं वय (टायरच्या बाजूवर आठवडा-वर्षाचे चार आकडे असतात, यांचे २०१६ चे) असं एकेक मांडत तीन ऐंशीला आलो.

११ जानेवारी

व्यवहार झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चेसिस नंबरचं पेन्सिल प्रिंट, आरसीवर बँकेचा बोजा नाही याची परिवहनच्या साइटवर खात्री, थकलेली चलनं मालकाने माझ्यासमोर भरली. विमा हस्तांतरासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस त्यांचा त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. गाडी राज्यातलीच असल्याने नंबर एमएच-१५ च राहील.

नोंदणी मार्च २०२७ पर्यंत आहे. तेव्हा फिटनेस, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे पाच हजार. ते खर्चात आत्ताच धरलं. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी स्वस्त का पडते, तर हा खर्च पुढच्याच्या गळ्यात येतो म्हणून.

कसारा घाटातून उतरताना ट्रकवाल्यांनी वाट दिली, बहुधा दयेने. कल्याण फाट्यावरच्या वाहतुकीत पॉवर स्टिअरिंग नसणं म्हणजे काय ते दंडांना कळलं.

१४ जानेवारी

सेक्रेटरींना तिळगूळ दिला आणि वरचा पाळणा मागितला. खालच्या खड्ड्यात जुलैत पाणी भरतं आणि पंप चालवायची आठवण सगळ्यांना पाणी भरल्यावर होते. मिळाला.

२ फेब्रुवारी, भांडुप

मेस्त्रींनी पुढचा ॲक्सल उघडला. बाहेरून हात लावून जेवढं कळत होतं त्याच्यापुढचं आत निघालं. चाक ज्या गोळ्यावर वळतं त्याच्या मागचं सील फाटलेलं, त्यातून पाणी आणि चिखल आत, किंगपिनची बेअरिंगं दाणेदार झालेली. ग्रीसची जागा राखाडी लगद्याने घेतली होती. मेस्त्री म्हणाले, “शिमी येते म्हणून लोक स्टिअरिंग डँपर बसवतात. थरथर दबते, बेअरिंग मरायचं ते मरतंच.” डँपर माझ्याही यादीत होता. खोडला.

जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ओढ वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी, रबरी माउंटांवर टांगलेली असते. तिघांतलं एक माउंट तुटलेलं. दिंडोरीत लो टाकताना आलेली कुरकुर त्याचीच असावी असं मेस्त्रींचं मत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नाही, म्हणजे बदलायचा. सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप, कारण मजुरी तीच आणि खोलायचं तेच.

१५ फेब्रुवारी, कुर्ला

सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात सकाळ गेली. जिप्सीचं नागरी उत्पादन २०१९ ला थांबलं तरी सामानाची ददात नाही, लष्करात ती अजून मोठ्या संख्येने आहे. ददात आहे ती अस्सल सामानाची. एकाच खोक्यात, एकाच लेबलखाली दोन वजनांची सीलं मिळाली. नियम केला: बेअरिंग आणि सील कुर्ल्यात घ्यायचं नाही. बेअरिंगवरचा नंबर कागदावर उतरवून नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात गेलो, तिथे तोच नंबर नावाजलेल्या कंपनीचा मिळाला आणि पक्कं बिलही. कुर्ल्यातून ट्रान्सफर केसची माउंटं, दारांचे रबर आणि मूळ जॅक घेतला. मागच्या मालकाचा जॅक बागेत राहिला असावा.

९ मार्च

गंजाचं काम. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि दाखवायला काहीच नाही.

फ्लोअरचा कोपरा कापून नवा पत्रा जोडला. वेल्डिंग करताना पेट्रोल टाकी उतरवली, ते मेस्त्रींनी न सांगता केलं, म्हणून पुढचं सगळं काम त्यांच्याकडेच. काचेची चौकट घासून उघडी केली, गंज थांबवणारं ॲसिड, मग झिंक प्रायमर, मग रंग.

चेसिसबद्दल दोन मतं होती. शेजारच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, खालून काळं डांबरी कोटिंग मारा, दोन तासांत काम. ते मी घेतलं नाही. गंजावर मारलेलं कोटिंग काही महिन्यांत कडेने सुटतं, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून काळंभोर दिसतं, आतून पत्रा जातो. वसईच्या गाडीचं तेच झालं होतं. त्याऐवजी चेसिसच्या पेटीला खाली असलेली पाण्याची भोकं तारेने मोकळी केली. द्राक्षबागेची माती वाटीवाटीने निघाली. प्रेशरने धुऊन दोन दिवस वाळू दिलं, बाहेरून झिंक आणि काळा एनॅमल, आणि पेटीच्या आत लांब नळीच्या स्प्रेने मेण. मेण खाली ठिबकू लागलं म्हणजे पोहोचलं. पार्किंगच्या पाळण्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय. खालच्या गाडीवाल्याशी संबंध चांगले आहेत, तसेच राहावेत.

३० मार्च

पाडवा. हार घातला. आईने चढून बघितलं आणि एकच मागणी केली: पायरी.

१९ एप्रिल

टायर. मूळ २०५/७० आर१५. मन २१५/७५ वर होतं, सगळे तेच घालतात. हिशोब केला. २०५/७० चा व्यास ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा साधारण ७०४. गाडी जेमतेम १८ मिलिमीटर उंच होते. वेगाचा काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८४ असेल आणि प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी लांब होईल. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा हायचा रेशो १.४०९, लोचा २.२६८, म्हणजे लो टाकल्यावर ओढ जेमतेम १.६ पट वाढते. मोठा टायर घालून त्यातलेच पाच टक्के परत द्यायचे, तेही ज्या घाटीसाठी गाडी घेतली तिथेच. मूळ मापाचे ऑल-टेरेन घेतले. खोल खाचांचे मड टायर चिखलात भारी, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी, आणि माझ्या वाटेवर ओलं डांबर फार, चिखल थोडा.

सोबत हवेचा छोटा पंप आणि गेज. शेवाळावर २० पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायरचा पाय पसरतो. विंचच्या किमतीच्या मानाने हे फुकटच.

४ मे

ब्रीदर, म्हणजे ॲक्सलच्या आतली हवा ये-जा करायचं तोंड. सगळ्या यादीतलं मला पटलेलं सर्वांत उत्तम काम, खर्च हजाराच्या आत. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. पुढचं ऑइल पांढरं झालं ते बहुधा असंच. दोन्ही डिफ्रन्शियलच्या ब्रीदरांना रबरी नळ्या जोडून पुढची बॉनेटखाली वर नेली, मागची टेललाइटमागे. आता ॲक्सल श्वास घेतो तो वरून.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. २०१२ ची गाडी ई-२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही आणि पंपावर आता बहुतेक तेच मिळतं. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मीटरवर मिळतात.

हेडलाइटला रिले बसवले. बल्ब तेच ६०/५५ वॅटचे, पण तेरा वर्षांच्या वायरींतून जाताना जो विजेचा दाब गळत होता तो थेट बॅटरीकडून मिळाला. दिव्यांच्या पट्टीचा विचार त्या रात्रीच गेला.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला वरून हवा देणारं नळकांडं, नको. पऱ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तेव्हा गाडी अलीकडेच उभी राहील, ते लावून प्रवाहाचा जोर कमी होत नाही. पुढे टोचनासाठी हूक आहेत ते तपासले, चेसिसला बोल्ट केलेले, सरळ. टोचनाचा पट्टा आणि दोन शॅकल घेतले, वजनाची मर्यादा कोरलेले.

मागची आडवी बाकडी तशीच ठेवली. आसनव्यवस्था बदलणं म्हणजे आरसीत हात घालणं. मुलं पुढे तोंड करून पट्टा लावून बसू शकत नाहीत, त्यामुळे महामार्गावर ती हॅचबॅकमधून येतील. बायकोशी यावर वाद झाला नाही, तिनेच सांगितलं.

२६ मे

पाऊस आज मुंबईत दाखल. नेहमीची तारीख ११ जून, आणि एवढ्या लवकर तो आजवरच्या नोंदींत आला नव्हता. आचार्य अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याच्या बातम्या दिवसभर. माझं पायरीचं आणि दारांच्या रबराचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवलं होतं. गाडीत पाय ठेवायच्या जागी तळं. फ्लोअरचे रबरी बूच काढले, पाणी खाली गेलं. याला जिप्सीत दुरुस्ती म्हणतात.

१ जून

रबर बसले. पायरी बोल्टने लावली, चेसिसला भोक न पाडता. बाहेर येते ती दरवाज्याच्या रेषेच्या आतच.

७ जून, गाव

रात्री निघालो. कशेडीचा बोगदा, परशुराम घाट. ऐंशीच्या वर आवाज इतका की बोलणं बंद. घाटीच्या डोक्यावर थांबून हवा २० वर आणली. ४एल, पहिला गिअर, ब्रेकवर पाय नाही. इंजिनच गाडी धरून उतरवतं, ब्रेक लावला की शेवाळावर चाकं कुलूपबंद होऊन घसरतात. पऱ्याशी दहा मिनिटं थांबलो, ॲक्सल निवू दिला. अण्णा काठी घेऊन पाण्यातून आधी चालत आले. पोटरीभर पाणी.

परतीच्या चढावर मधल्या वळणाला अडकलो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं, लॉक नसलेल्या डिफ्रन्शियलमुळे ते हलकं चाकच फिरत राहतं आणि टेकलेल्या चाकालाही पुरेशी ओढ मिळत नाही. अण्णा म्हणाले, “रेटू नको, मागे घे.” मागे घेतलं, हातभर डावीकडून, जांभ्याचा उघडा कातळ धरून पुन्हा चढवलं, चढली. त्या वळणावरचा खड्डा अण्णा आणि मी चिरे टाकून भरणार आहोत. मागच्या डिफ्रन्शियलला लॉक बसवायचा खर्च ऐकलाय, चिरे स्वस्त आहेत.

आई पुढच्या सीटवर बसून वर रस्त्यापर्यंत आली. पायरी तिला अजून दोन बोटं उंच वाटते.

१४ जून, भांडुप

दोन्ही डिफ्रन्शियल उघडून ऑइल पाहिलं, तांबूस आणि स्वच्छ. पुढच्या उजव्या सीलभोवती पुसट ओल आहे, महिन्याने परत बघायचं. चेसिस गोड्या पाण्याने धुतली, भोकं मोकळी आहेत. पायरीला खाली पट्टी जोडायची. एसीचं कोटेशन आलंय, ते पावसाळा संपल्यावर उघडतो.